नेटबॉल बंद करण्याआधी : मेलबर्नमधल्या मराठी पालकांना खुलं पत्र

मेलबर्नमधल्या मराठी आईबाबांनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. "मुलगी आठवीत गेली. नेटबॉल बंद करतोय. ड्रेस, बूट, बॉल सगळं जवळजवळ नवीन आहे, कोणाला हवं असेल तर सांगा." खाली भराभर अंगठे आले. कोणी लिहिलं, "योग्य निर्णय, आता अभ्यासाची वर्षं." कोणी लिहिलं, "तसंही त्यात करिअर काही नाही." मी तेव्हा काहीच लिहिलं नाही. त्या मुलीला मी ओळखते. नेटबॉल म्हणजे सात-सात जणींनी हाताने पास देत उंच रिंगमधून बॉल टाकायचा खेळ. ती आमच्या संघात विंग डिफेन्सला, म्हणजे समोरच्या संघाला बाजूने अडवायच्या जागी, खेळायची. सेंटर पासच्या, म्हणजे मधून खेळ सुरू होण्याच्या, वेळी रेषेवर अशी वाकून उभी राहायची की समोरचीला पहिलं पाऊल टाकायला जागाच मिळू नये. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. ते त्या एका घराला उद्देशून नाही, कारण असे मेसेज दरवर्षी येतात, फक्त मुलींची नावं बदलतात.

मी मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात राहते आणि सहा वर्षं एका क्लबची टीम मॅनेजर आहे. शनिवारी सकाळी साडेआठला बिबची (जागेची अक्षरं असलेल्या बंड्यांची) पिशवी, स्कोअरशीट आणि डब्यात चिरलेली संत्री घेऊन कोर्टवर असते. आमच्या अकरा वर्षांखालच्या संघात चार मराठी मुली होत्या. पंधरा वर्षांखालच्या संघात एकच उरली आहे, माझी धाकटी.

थोरलीच्या वेळी मीही हेच केलं होतं. ती आठवीत असताना असोसिएशनच्या निवड संघात तिचं नाव आलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव आणि रविवारी स्पर्धा. त्याच वर्षी सिलेक्टिव्ह शाळेची (परीक्षेतल्या गुणांवर प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळेची) प्रवेश परीक्षा होती आणि तिचा क्लासही रविवारीच. आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर पाच मिनिटांत ठरवलं आणि तिला सांगितलं. ती भांडली नाही. तेव्हा मला तो तिचा समजूतदारपणा वाटला. मी स्वतः साताऱ्यात शाळेकडून खो-खो खेळायचे, जिल्ह्यापर्यंत गेले होते. 'दहावी आहे' एवढं म्हणून माझं मैदान सुटलं, तेव्हा मीही भांडले नव्हते. थोरलीच्या वेळी हे मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

आता 'त्यात करिअर नाही' या वाक्याबद्दल. ते आपण सगळेच ऐकीव माहितीवर बोलतो, म्हणून आधी खरी परिस्थिती सांगते, काही गोड न करता.

या देशात नेटबॉलची व्यावसायिक लीग एकच, सुपर नेटबॉल. ती 2017 साली सुरू झाली. त्याआधी, 2008 ते 2016, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे संघ एकत्र एएनझेड चॅम्पियनशिप खेळायचे. आज लीगमध्ये आठ संघ आहेत, त्यांतले दोन आपल्या शहरातले, व्हिक्सन्स आणि मॅव्हरिक्स. प्रत्येक संघ इतर सातांशी दोनदा खेळतो, मग पहिल्या चार संघांची अंतिम फेरी होते. एका संघात करारबद्ध खेळाडू दहा. म्हणजे अख्ख्या देशात 80 जागा. त्यांतही सगळ्या जागा इथल्या मुलींना नाहीत. जमैका, इंग्लंड, न्यूझीलंड, युगांडा अशा देशांतल्या उत्तमोत्तम खेळाडू इथे यायला धडपडतात. वेस्ट कोस्ट फीव्हर संघाकडून खेळलेली जनील फाउलर 198 सेंटीमीटर उंच आहे. तिच्या हातात बॉल पोचला की गोल धरूनच चालायचा. ॲडलेडकडून खेळलेली शमीरा स्टर्लिंग-हम्फ्री समोरच्या संघाचे पास हवेतून कशी काढून घेते ते एकदा बघाच. दोघी जमैकाच्या. जगातली सर्वांत कठीण लीग हीच मानली जाते, आणि तुमची-माझी लेक तिथवर पोचण्याची शक्यता फार थोडी आहे. हे मी मान्य करते.

पैशांचंही सांगते. 2017च्या पहिल्या हंगामासाठी जो सामूहिक करार झाला, त्यात किमान वार्षिक मानधन 13,250 डॉलरवरून 27,375 डॉलर झालं आणि सरासरी साधारण 67,500 पर्यंत गेली. पुढच्या करारांत आकडे आणखी वाढले, पण आयटीत काम करणाऱ्या आपल्या घरांना ते मोठे वाटणार नाहीत. मला मात्र त्या करारातली दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. दुखापत झाली किंवा खेळाडू गरोदर राहिली, तर दोन वर्षांपर्यंत तिच्या पूर्ण कमाईला विम्याचं संरक्षण मिळालं. तान्ह्या बाळाला आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाला सामन्यांच्या प्रवासात बरोबर नेण्याची सोय झाली. ग्रेटेल ब्युएटा 2021च्या सुरुवातीला आई झाली, 2022मध्ये कोर्टवर परतली आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या ऑस्ट्रेलियन संघात होती. आपल्यातल्या किती जणींना पहिल्या बाळंतपणानंतर आपल्या जागेवर इतक्या सहज परत येता आलं? मला तर आलं नव्हतं.

हे त्यांना कोणी दान दिलेलं नाही. 2023 साली काय घडलं ते आपल्यापैकी फार जणांनी पाहिलं नसावं. ऑगस्टमध्ये केपटाउनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला 61-45 असं हरवलं. ऑस्ट्रेलियाचं ते बारावं विजेतेपद. सप्टेंबरअखेर खेळाडूंचा सामूहिक करार संपला, नवीन करारावर एकमत होईना, आणि लीगमधल्या खेळाडूंचे पगार थांबले. दोन महिन्यांपूर्वी जग जिंकून आलेल्या बायकांपुढे घरभाडं कसं भरायचं हा प्रश्न उभा राहिला. त्यांची मागणी एवढीच होती की प्रायोजकांकडून जो पैसा वाढेल, त्यात आमचाही वाटा असावा. नेटबॉल ऑस्ट्रेलिया या खेळाच्या राष्ट्रीय संस्थेवर आधीच कर्ज होतं, महसुलातला वाटा देण्याची तिची तयारी नव्हती. ओढाताण दहा आठवडे चालली. नामवंत खेळाडूंना वैयक्तिक प्रायोजक होते, त्यांचं निभावलं असतं. तरी त्याही संघातल्या सर्वांत कमी पगाराच्या मुलींसाठी एकत्र उभ्या राहिल्या, कोणी फुटली नाही. डिसेंबरात तोडगा निघाला आणि महसुलातला वाटा तत्त्वतः मान्य झाला. माझी धाकटी तेव्हा लहान होती. तिने विचारलं, "आई, त्या जिंकल्या ना? मग पैसे का नाही मिळत?" मी तिला संप म्हणजे काय, एकजूट म्हणजे काय हे सांगायला बसले. गिरणगावात वाढलेल्या माझ्या मामाने मला जसं सांगितलं होतं, तसंच.

त्याच वर्षी कॉलिंगवूड क्लबने आपला नेटबॉल संघ बंद केला. एवढा मोठा क्लब, तरीही. म्हणजे ही नोकरी अस्थिर आहे, हेही खरं.

मग अशा ठिकाणी मुलीला कशाला पाठवायचं, असं तुम्ही विचाराल. याचं उत्तर मला या खेळातल्या बायकांच्या आयुष्यात सापडतं. नेटबॉलमध्ये पैसा नव्हता, म्हणून इथल्या खेळाडूंनी शिक्षण किंवा नोकरी कधी सोडली नाही. ऑस्ट्रेलियाची कर्णधार लिझ एलिस 122 आंतरराष्ट्रीय सामने खेळली आणि ती वकील होती. न्यूझीलंडची लॉरा लँगमन अकाउंटंट. दक्षिण आफ्रिकेतून न्यूझीलंडला आलेली आयरीन व्हॅन डाइक दोन्ही देशांकडून मिळून दोनशेहून अधिक सामने खेळली, ती शाळेत शिकवायची. व्हिक्सन्सची बियांका चॅटफील्डही शिक्षिका. 'खेळ की अभ्यास' हा जो प्रश्न आपण आठवीतल्या मुलीसमोर टाकतो, तो या बायकांनी स्वतःला विचारलेलाच दिसत नाही. संध्याकाळी सराव, सकाळी न्यायालयात किंवा वर्गात. आणि आपण तेरा वर्षांच्या मुलीला सांगतो की दोन्ही जमणार नाही.

वाट सरळ नसते हेही लक्षात घ्या. डॉनेल वॉलमचं उदाहरण मी मुलींना नेहमी सांगते. पश्चिम ऑस्ट्रेलियातली, नूंगार या आदिवासी समाजातली ही मुलगी. इथे करार मिळेना म्हणून इंग्लंडला गेली, लीड्स ऱ्हाइनोजकडून खेळली, मग क्वीन्सलंडच्या फायरबर्ड्समध्ये आली. ऑस्ट्रेलियाकडून पहिला सामना खेळेपर्यंत विशी संपत आली होती. त्याच सुमारास, ऑक्टोबर 2022मध्ये, नेटबॉल ऑस्ट्रेलियाला हॅनकॉक या खाणकंपनीकडून दीड कोटी डॉलरचं प्रायोजकत्व मिळणार होतं. त्या कंपनीच्या संस्थापकाने 1984मध्ये आदिवासींबद्दल अत्यंत क्रूर विधान केलं होतं. ते नाव अंगावर घालायला वॉलमचं मन तयार होईना आणि संघ तिच्या बाजूने राहिला. कंपनीने करार मागे घेतला. केवढी टीका झाली त्या मुलींवर, पैशांवर पाणी सोडलं म्हणून! आणि त्याच आठवड्यात न्यूकासलला वॉलम इंग्लंडविरुद्ध पहिल्यांदा राष्ट्रीय संघातून उतरली आणि शेवटच्या क्षणी विजयी गोल तिनेच केला. आम्ही घरी टीव्हीपुढे उभ्याच होतो. पुढे व्हिक्टोरिया राज्याच्या पर्यटन खात्याने तेवढंच प्रायोजकत्व दिलं.

आता गुडघे. ही भीती खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. नेटबॉलमध्ये बॉल हातात आला की धावता येत नाही. ज्या पायावर उतरलात तो उचलून पुन्हा टेकवता येत नाही आणि तीन सेकंदांत पास द्यावा लागतो. वेगात येऊन जागच्या जागी थांबायचं, त्याचा सगळा भार गुडघ्यावर येतो. आधीच्या संघाची एक मुलगी आमच्या डोळ्यांसमोर तशी पडली. तो आवाज मी विसरलेली नाही. पण याच कारणासाठी नेटबॉल ऑस्ट्रेलियाने 'नी प्रोग्राम' नावाचा सरावापूर्वीचा व्यायामक्रम तयार केला आहे. उतरायचं कसं, गुडघा आत झुकू द्यायचा नाही, मांड्यांची ताकद कशी वाढवायची, हे त्यात शिकवतात. तो सगळ्यांसाठी फुकट आहे. तुमच्या मुलीच्या प्रशिक्षकाला एवढंच विचारा की वॉर्मअपमध्ये हे करून घेता का. उत्तर 'नाही' आलं तर आग्रह धरा, किंवा मला सांगा, मी येऊन दाखवते.

उंचीचं कारणही वारंवार ऐकते. "आपल्या मुली काही तेवढ्या उंच नसतात." रिंग 3.05 मीटरवर असते, मागे बोर्ड नसतो, तेव्हा गोलपाशी उंची लागते हे बरोबर. पण सात जागांपैकी सेंटर आणि दोन्ही विंग यांना गोल करायचाच नसतो. तिथे पायांतली चपळाई लागते, आणि समोरची कुठे वळणार हे तिच्या खांद्यावरून ओळखण्याची नजर. खो-खोत पाटीवर बसून जे शिकलो तेच. आणि आपल्या बाजूच्या मुली उंच नसतात हेही सरसकट खरं नाही. श्रीलंकेची तर्जिनी शिवलिंगम, जाफनाची तमिळ मुलगी, 208 सेंटीमीटर उंच. 2019च्या विश्वचषकात सगळ्यात जास्त गोल तिचे होते. ती इथे मेलबर्नच्या राज्य लीगमध्येही खेळून गेली आहे. आपल्या मुलींसारख्याच रंगाची बाई इथल्या कोर्टवर उभी होती, आणि आपल्यापैकी किती जण तिला बघायला गेलो?

जानेवारी 2025मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीत झाला. आपल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, तेव्हा हाच आपला ग्रुप दोन दिवस आनंदाने भरून वाहत होता. मीही त्यात होते, डोळे पुसत होते. प्रियांका दहावीला आली असेल तेव्हा तिच्याही घरी कोणीतरी बूट विकायला काढू शकलं असतं. काढले नाहीत, म्हणून आपल्याला तो दिवस दिसला. आपण तो अभिमान मिरवतो, तर आपल्या घरातल्या मुलीला निदान दहावी-अकरावीपर्यंत तरी कोर्टवर राहू द्यायला हवं.

भारताशीही या खेळाचं नातं आहे, ते मुलींना सांगा. 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत प्राची तेहलानच्या नेतृत्वाखाली भारताचा नेटबॉल संघ उतरला होता. उद्घाटनाला ऑस्ट्रेलियाचा झेंडा घेऊन पुढे चालत होती ती नेटबॉलपटू शॅरेल मॅकमेहन. तिचा पुतळा आज मेलबर्नच्या जॉन केन अरीनाबाहेर आहे. तो अंतिम सामना न्यूझीलंडने दोनदा जादा वेळ खेळून 66-64 असा जिंकला. या देशात येऊन मला दोन वर्षं झाली होती, नेटबॉलचे नियम धड कळत नव्हते, पण शेजारच्या आजीबाईंच्या घरी बसून तो सामना पाहिला आणि त्या का रडल्या ते मला कळलं. 2026ला ग्लासगोच्या स्पर्धेत फक्त दहा खेळ ठेवलेत, त्यांत नेटबॉल आहे. 2027चा विश्वचषक सिडनीला. 2030ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला, तिथेही नेटबॉल असणार आहे. ऑलिंपिकमध्ये हा खेळ अजून एकदाही घेतलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. निर्णय घेण्याआधी मुलीला विचारा, आणि विचारताना उत्तर आधीच ठरवून बसू नका. निवड संघाचा ताण जास्त होत असेल तर फक्त क्लबचे शनिवारचे सामने ठेवा. एका सामन्याची चार सत्रं, प्रत्येकी पंधरा मिनिटं, बारावीच्या वर्षातही एवढा वेळ निघतो. खेळणं नको झालं तर अंपायरिंग आहे, लहान मुलींना शिकवणं आहे. त्याचे पैसेही मिळतात. माझी थोरली आता विद्यापीठात आहे आणि शनिवारी पांढरा टी-शर्ट घालून शिट्टी वाजवत असते. फाउल दिल्यावर चिडलेल्या बापमाणसांना ती ज्या शांतपणे "कॉन्टॅक्ट, विंग अटॅक" म्हणून हात दाखवते, ते पाहिलं की मला वाटतं, हिला पुढच्या आयुष्यात कोणी सहजासहजी दबवू शकणार नाही. तरीही ती अजून कधीकधी म्हणते, "मी त्या निवड संघात किती खेळले असते गं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते तिला देता येत नाही याचा त्रास मला होतो.

मंडळांच्या कार्यकारिणीलाही एक विनंती आहे. गणपतीच्या कार्यक्रमाच्या नाचाच्या तालमी शनिवारी सकाळी ठेवू नका. तालीम दुपारी दोनला ठेवली तरी नाच बसतोच. दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये, नेमक्या क्लबच्या शेवटच्या फेऱ्यांच्या वेळी, आमच्या मुलींना दोहोंतलं एक निवडावं लागतं आणि संघ सहा जणींवर खेळतो.

आणि एकदा तरी खरा सामना मुलींबरोबर बघा. ऑगस्ट 2025मध्ये रॉड लेव्हर अरीनाला व्हिक्सन्स आणि फीव्हरचा अंतिम सामना झाला. आदल्या वर्षी व्हिक्सन्स ॲडलेडला दोन गोलांनी हरल्या होत्या, आणि ही प्रशिक्षक सिमोन मॅकिनिसची शेवटची लढत होती. व्हिक्सन्स 59-58 ने जिंकल्या. शेवटच्या मिनिटाला आमच्या रांगेतल्या सगळ्या लहान मुली उभ्या राहून ओरडत होत्या, "हिअर इफ यू नीड!" आपल्या शनिवारच्या कोर्टवर आठ वर्षांची पोर मैत्रिणीला जे ओरडून सांगते, मी आहे इथे, लागलं तर पास दे, तेच. इतक्या मोठ्या अरीनात तो पोरींचा आवाज ऐकून मला साताऱ्याचं मैदान आठवलं.

अरीनाचं तिकीट नको असेल तर बुधवारी रात्री राज्य लीगचे सामने असतात, पार्कव्हिलच्या नेटबॉल-हॉकी सेंटरला. सुपर नेटबॉलच्या दाराशी उभ्या असलेल्या मुली तिथे खेळतात. त्यांतल्या काही दिवसभर नर्सिंगच्या किंवा इंजिनिअरिंगच्या वर्गात बसून आलेल्या असतात. सामना संपल्यावर कोर्टबाजूला त्या आपल्या मुलींशी बोलतात, अगदी मनापासून.

मी दर बुधवारी जाते. माझ्या गाडीत माझ्याशिवाय सहा जण बसतात. धाकटी आणि मी सोडून अजून पाच जागा मोकळ्या आहेत. पावणेसहाला टार्नीट स्टेशनच्या पार्किंगमधून निघते, साडेनऊपर्यंत सगळ्यांना घरी सोडते. ज्या मुलीचे बूट विकायला काढलेत, तिच्यासाठी या बुधवारची एक जागा मी राखून ठेवली आहे. बूट अजून विकले गेले नसतील तर तिला ते घालूनच पाठवा. सामना संपल्यावर बाहेरचं कोर्ट रिकामं असतं.

तुमची,
टार्नीटची एक टीम मॅनेजर, दोन मुलींची आई